पाकळीचा ल

दादा पुण्याहून येताना त्याचा जुना लॅपटॉप घेऊन आला, तेव्हा २०२३ चा मे महिना होता आणि अंगणात कुरडया वाळत होत्या. २०११ सालचं थिंकपॅड. कडा झिजलेल्या, बॅटरी जेमतेम दहा मिनिटं तग धरणारी, रॅम चार जीबी. पण कीबोर्ड शाबूत होता आणि मला त्याचंच काम होतं. आईच्या तीन वह्या टाइप करायच्या होत्या. जात्यावरच्या ओव्या ती आठवतील तशा लिहून ठेवत आली आहे. काही तिच्या आईच्या, काही आमच्या मोठ्या आत्याच्या, काही कुणाच्या ते तिलाही सांगता येत नाही. मधल्या वहीला एका पावसाळ्यात ओल लागली आणि शाई फुटली. तेव्हापासून मला त्या वह्यांचा घोर लागला होता.

"पुसून उबुंटू टाकून देऊ का? अर्ध्या तासाचं काम आहे," दादा म्हणाला. उबुंटू म्हणजे विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स, सगळं तयार भरून आलेलं. मी नको म्हटलं.

मी तालुक्याच्या गावी एका पतपेढीत आठ वर्षं संगणकावर काम करते. मशीन सुरू करायचं, चौकटी उघडायच्या, आकडे भरायचे, बंद करायचं. मध्येच काही अडलं तर पुण्याहून माणूस येतो, चार कळा दाबतो आणि जातो. काय केलंत विचारलं तर ‘सेटिंग होतं’ एवढंच उत्तर. रोज जिला हात लागतो त्या वस्तूच्या आत काय चाललंय ते मला माहीत नाही, हे मला फार सलायचं. आईच्या जात्याचं तसं नाही. खालची तळी, वरची तळी, मधली खीळ, हातातला खुंटा. कशाने काय होतं आणि टाकी कधी लावायची, हे सगळं तिला ठाऊक असतं. आपल्या घरातलं एक तरी यंत्र मला असं कळावं, अशी माझी इच्छा होती.

लिनक्स म्हणजे खरं तर नुसता गाभा, कर्नल. लिनस टॉरव्हाल्ड्सने १९९१ साली हेलसिंकीत विद्यार्थी असताना तो लिहायला घेतला. त्या गाभ्याभोवती बाकीचं सामान बांधून जे गाठोडं मिळतं ते डिस्ट्रिब्युशन. बहुतेक गाठोड्यांत खिडक्या, फोटो बघायचा प्रोग्रॅम, गाणी, खेळ, सगळं आधीच भरलेलं असतं. आर्च लिनक्स त्यातलं काहीच देत नाही. जड विनेट या कॅनडातल्या प्रोग्रामरने २००२ साली ते सुरू केलं तेव्हापासून त्याची रीत तीच आहे: पाया घ्या आणि वर काय चढवायचं ते तुम्ही ठरवा. प्रश्न विचारत सगळं बसवून देणारा एक प्रोग्रॅमही २०२१ पासून त्याच्याबरोबर येतो. तो मी मुद्दाम वापरला नाही. आणि इथेच सांगते, ज्याला नुसतं काम करायचं आहे त्याने डेबियन हे दुसरं गाठोडं घ्यावं. ते वर्षानुवर्षं जागचं हलत नाही. आर्चला सारखे अपडेट लागतात, त्यासाठी डाटा लागतो, आणि आमच्याकडे दिवसाला दीड जीबीचा मोबाइल पॅक एवढंच इंटरनेट. तरी मी आर्च घेतलं, कारण मला शिकायचं होतं.

इन्स्टॉलेशनची फाइल पाऊण जीबीच्या वर होती, म्हणजे एका दिवसाचा निम्म्याहून जास्त डाटा. ती दादाच्या नव्या लॅपटॉपवर उतरवली, चेकसम, म्हणजे फाइल धड उतरली का ते सांगणारा आकडा, जुळवून पाहिला, पेनड्राइव्हवर चढवली. दुसऱ्या दिवशी दादा परत गेला आणि मी, पेनड्राइव्ह आणि फोन असे उरलो. फोनवर मी आर्चची विकी, म्हणजे वापरणाऱ्यांनीच लिहिलेली माहितीची पानं, उघडून ठेवली होती. इतक्या काळजीने लिहिलेलं तांत्रिक लिखाण मी त्याआधी वाचलं नव्हतं. काय करायचं हे तर ती सांगतेच, पण ते का करायचं हेही तिथे सापडतं.

एफ-बारा दाबून पेनड्राइव्ह निवडला. ओळी भरभर वर सरकल्या आणि काळ्या पडद्यावर रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, असं नाव आणि एक लुकलुकणारा कर्सर येऊन थांबला. ना बटण, ना चौकट. मशीन माझ्या बोलण्याची वाट बघत होतं.

पहिली गरज इंटरनेटची. वायफाय आमच्याकडे नाही. फोन केबलने जोडला आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं इंटरनेट केबलमधून देणं, चालू केलं. मशीनला तो नेटवर्कच्या केबलसारखाच दिसतो. काही सांगावं न लागता नेटवर्कवरचा पत्ता मिळाला.

मग डिस्क. या टप्प्याची मला खरी भीती होती. एलएसबीएलके ही आज्ञा दिली की जोडलेल्या डिस्कांची यादी येते. एसडीए म्हणजे आतली, १२० जीबीची. एसडीबी म्हणजे पेनड्राइव्ह. आकार बघून मी तीनदा खात्री केली, कारण एका अक्षराची चूक आणि भलतंच पुसलं जाणार. सीएफडिस्क या प्रोग्रॅममध्ये तीन भाग पाडले: सुरुवातीला ५१२ एमबीचा छोटा भाग, जिथून मशीनचं फर्मवेअर, म्हणजे त्यात मुळातच असलेला प्रोग्रॅम, बूट करतं, ४ जीबी स्वॅप, रॅम कमी पडली तर टेकायला, बाकी सगळं मुख्य घर. मग फाइली मांडायची पद्धत: पहिल्याला फॅट-३२, कारण फर्मवेअरला तेच वाचता येतं, आणि मुख्य भागाला ईएक्सटी-४. ‘राइट’ म्हटल्यावर तो प्रोग्रॅम नुसतं ‘वाय’ ऐकत नाही, ‘येस’ असा पूर्ण शब्द टाइप करायला लावतो. ते मला आवडलं. दादाची बारा वर्षं त्या डिस्कवर होती. त्याने सगळं काढून घेतलं होतं, तरी तो शब्द मी सावकाश टाइप केला.

आता पायाभरणी. पॅकस्ट्रॅप नावाची आज्ञा रिकाम्या डिस्कवर पहिली पॅकेजं आणून बसवते. मी तीनच नावं दिली: बेस, लिनक्स आणि लिनक्स-फर्मवेअर. त्यांच्या पोटातून शंभरावर नावांची यादी निघाली. ग्लिबसी, बॅश, सिस्टिमडी, कोअरयुटिल्स... एकेकाचा आकडा पुढे सरकत होता. सगळ्यांत जड ते फर्मवेअर, कारण जगभरातल्या चिप्सना लागणाऱ्या बारीक फाइली त्या एका गाठोड्यात असतात.

तेवढ्यात वळीव आला. आधी वारा, पत्रे वाजले, आई कुरडया उचलायला धावली, मीही धावले. परत येते तो लाइट गेलेली आणि दहा मिनिटं धरेल म्हटलेली बॅटरी दोन मिनिटांत बसलेली. पडदा काळा. डाटाही जवळजवळ संपलेला. त्या रात्री मी कंदिलाच्या उजेडात विकी वाचत बसले आणि बारा वाजायची वाट पाहिली, कारण बाराला नवा दीड जीबी मिळतो.

लाइट आली ती पहाटे. पुन्हा पेनड्राइव्हवरून सुरू केलं, डिस्कचे भाग पुन्हा जागच्या जागी जोडले, पुन्हा पॅकस्ट्रॅप. तर ते म्हणालं, डेटाबेसला कुलूप लावता येत नाही. पतपेढीत असा संदेश आला असता तर मी फोन उचलला असता. इथे उचलायला फोन नव्हता, म्हणून मी वाचलं. खाली लिहिलं होतं: दुसरा पॅकेज मॅनेजर चालू नाही अशी खात्री असेल तर अमुक फाइल काढून टाका. म्हणजे काम सुरू करताना पॅकमन, आर्चचा पॅकेज मॅनेजर, एक छोटी फाइल ठेवतो, ‘मी आत आहे’ असं सांगणारी, आणि काम झालं की उचलतो. लाइट गेल्यामुळे ती उचलायची राहून गेली होती. शेतावरच्या मोटारीच्या खोलीला आतून कडी लागलेली आणि आत कुणीच नाही, तसं. ती फाइल मी काढली, पुन्हा आज्ञा दिली, आणि उतरून झालेली सगळी पॅकेजं डिस्कवरच्या साठ्यात तशीच होती. फक्त राहिलेली आली. डाटा वाया गेला नव्हता. पहाटे पाचला, चुलीवर पाणी तापत असताना, मी स्वयंपाकघरात जाऊन हे आईला सांगितलं. तिला कुलपाची गोष्ट लगेच समजली.

पुढचं वेगाने झालं. जेनएफस्टॅबने कुठला भाग कुठे जोडायचा याची यादी लिहिली. ती फाइल मी उघडून वाचली. तीन भाग, तीन ओळी, प्रत्येकाची ओळखखूण. मग भाषांची यादी. त्या फाइलमध्ये जगातल्या भाषांच्या ओळी असतात, प्रत्येकीपुढे एक खूण लावून झोपवलेल्या. हवी तिची खूण पुसायची. मराठीची ओळ एमआर आणि आयएन या अक्षरांनी होती, वर थोड्या अंतरावर कोकणीचीही. मी मराठी आणि अमेरिकन इंग्रजी जागी केली. आज्ञांची उत्तरं मात्र इंग्रजीत ठेवली. का ते पुढे येईल. मग आर्च-चरूट. पेनड्राइव्हवरची सिस्टिम चालू असतानाच डिस्कवरच्या नव्या घरात पाय टाकायचा आणि तिथून बोलायचं. घड्याळ आशिया-कोलकात्याला बांधलं, मशीनला नाव दिलं ‘जातं’ (रोमन अक्षरांत द्यावं लागतं), रूटचा पासवर्ड ठेवला, मशीन सुरू होताना कर्नल उठवणारा ग्रब बसवून त्याची यादी तयार केली. बाहेर पडले, पेनड्राइव्ह काढला, मशीन पुन्हा सुरू केलं.

ग्रबची चौकट दिसली, मग दोनचार ओळी, मग लॉगिन. पेनड्राइव्ह माझ्या हातात होता. म्हणजे जे चालू झालं होतं ते मी डिस्कवर ठेवलेलं होतं.

रॅम पाहिली: शंभर-सव्वाशे एमबीच्या आसपास. चालू असलेल्या कामांची यादी मागितली. पहिल्या क्रमांकावर सिस्टिमडी, कर्नल उठल्यावर सर्वांत आधी ज्याला जागं करतं ते, आणि बाकी सगळं त्याची लेकरं. कर्नलची स्वतःची कामं वगळली तर ती यादी एका पडद्यात मावली. मी त्यातलं एकेक नाव वहीत लिहून घेतलं आणि त्यापुढे ते काय करतं ते. दोन पानंही भरली नाहीत. आठ वर्षांत मला जे कधी मिळालं नव्हतं ते त्या दोन पानांत होतं.

फोन जोडला. इंटरनेट नाही.

मशीनला फोन दिसत होता, यादीत ई-एन ने सुरू होणारं त्याचं नाव होतं, पण पत्ता नव्हता. पेनड्राइव्हवरच्या सिस्टिममध्ये पत्ता मागणारं कुणीतरी आधीच कामाला लावलेलं होतं. माझ्या सिस्टिममध्ये मी ते लावलंच नव्हतं. साधन मात्र पायातच होतं, सिस्टिमडीचं नेटवर्कडी. त्याला चार ओळींची एक फाइल लागते: कुठल्या नावाशी जुळवायचं आणि पत्ता आपोआप मागायचा की नाही. ती लिहायला नॅनो या एडिटरचं नाव टाइप केलं. असा प्रोग्रॅम नाही. व्हीआय? तोही नाही. आधीच्या फाइली मी चरूटमध्ये शिरण्याआधी पेनड्राइव्हवरच्या नॅनोने लिहिल्या होत्या, त्यामुळे घरात लेखणी नाही हे लक्षातच आलं नव्हतं. आर्चच्या बेसमध्ये एकही एडिटर नसतो.

पेनड्राइव्ह पुन्हा लावून काम पाच मिनिटांत झालं असतं. पण मला या घरात असलेल्या वस्तूंनीच ते करायचं होतं. कॅट ही आज्ञा फाइल दाखवते. तिचं तोंड उलटं फिरवलं की तुम्ही टाइप कराल ते ती फाइलमध्ये ओतते, कंट्रोल-डी दाबेपर्यंत. एकदा ओळ संपवली की मागे जाता येत नाही. दुसऱ्या प्रयत्नात एक कंस चुकला, तिसऱ्यांदा चारही ओळी बरोबर आल्या. नेटवर्कडी चालू केलं, पत्ता मिळाला. आकड्यांच्या पत्त्याला हाक मारली तर उत्तर आलं. नावाला मारली तर नाही. नावाचा आकडा शोधून देणारा निराळा असतो, रिझॉल्व्हडी. त्याला उठवलं आणि नावंही लागली. इंटरनेट ही एकच वस्तू आहे असं मी समजत होते. ती तीन माणसांची साखळी आहे: जोडणी दाखवणारा, पत्ता आणणारा आणि नावं ओळखणारा. पतपेढीत नेट गेलं की आता मी आधी बघते, तिघांपैकी कोण गैरहजर आहे.

मग नॅनो घेतला. साध्या वापरकर्त्याला गरजेपुरते रूटचे अधिकार देणारं सुडो घेतलं, स्वतःसाठी साधा वापरकर्ता केला. मॅन, म्हणजे आज्ञांची माहिती देणारी पानं, तीही घेतली आणि कमी डाटाच्या माणसाने ती सर्वांत आधी घ्यावीत असं मला वाटतं. लाइट गेली, टॉवर बंद पडला तरी ती मशीनवरच असतात.

त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी तासभर बसायचे. पतपेढीतून यायचं, भाकऱ्या व्हायच्या, मग मशीन. दादाचा फोन आला की तो विचारायचा, "झालं का?" मी म्हणायचे, "आज आवाज आला." तो हसायचा, पण त्या दिवशी खरोखरच मोठी गोष्ट झाली होती. आईने म्हटलेल्या काही ओव्या फोनवर रेकॉर्ड केलेल्या होत्या. एमपीव्ही हा प्लेअर बसवून लावल्या तर मशीन गप्प. लिनक्सचा आवाज सांभाळणाऱ्या अल्सामध्ये सगळ्या वाहिन्या सुरुवातीला बंदच असतात. अल्सामिक्सरमध्ये प्रत्येक पट्टीखाली म्यूटचे दोन ‘एम’ दिसत होते, ते काढले, आवाज वर नेला आणि काळ्या पडद्यातून आईचा आवाज आला. ती ओट्यापाशी होती. हात तसाच ठेवून तिने पूर्ण ओवी ऐकून घेतली.

आता मूळ कामाकडे. एका पेनड्राइव्हवर मराठी मजकुराची साधी फाइल होती. पेनड्राइव्ह हाताने जोडून ती फाइल मी पडद्यावर आणली आणि नुसते चौकोन दिसले. लिनक्सच्या काळ्या पडद्याला एका वेळी जास्तीत जास्त ५१२ चिन्हं ठेवता येतात, आणि तो प्रत्येक चिन्ह एका खणात, एकामागून एक मांडतो. मराठीचं तसं भागत नाही. ‘कि’ लिहिताना आपण आधी क उच्चारतो, संगणकातही आधी क साठवला जातो, पण वेलांटी त्याच्या आधी काढावी लागते. जोडाक्षरं दोनाची एक होतात. रफार डोक्यावर चढतो. ही मांडणी करणारा कुणीतरी मध्ये लागतो, आणि काळ्या पडद्यावर तो नसतो. म्हणून आज्ञांची उत्तरं इंग्रजीत ठेवली. मराठी केली असती तर चौकोनच आले असते. हे वाचून माहीत असलं तरी पडद्यावर बघताना वाईट वाटलं.

म्हणजे खिडक्या लागणार. पडद्यावर चित्र काढणारा एक्स सर्व्हर, तो सुरू करणारं एक्सइनिट आणि खिडक्या सांभाळणारा ओपनबॉक्स हा छोटा विंडो मॅनेजर, एवढंच घेतलं. स्टार्टएक्स दिलं तर राखाडी पडदा आणि त्यावर एक बाण. उजवं बटण दाबलं की यादी येते, यादीतून टर्मिनल, म्हणजे आज्ञा द्यायची खिडकी, निवडलं की काहीच होत नाही, कारण टर्मिनल मी बसवलंच नव्हतं. कंट्रोल-आल्ट-एफटू दाबून दुसऱ्या काळ्या पडद्यावर गेले, एक्सटर्म नावाचं टर्मिनल घेतलं, परत आले. यापुढे काही चाललं नाही की मी आधी एकच विचारायचे: ती वस्तू मी आणली आहे का? बहुतेक वेळा उत्तर तिथेच असायचं.

मराठी टायपिंगसाठी मला वाटलं होतं बरंच काही लागेल. एकच आज्ञा लागली. सेटएक्सकेबीमॅपला दोन कळफलक सांगितले, अमेरिकन आणि भारतीय, आणि आल्ट-शिफ्टने अदलाबदल. भारतीय म्हणजे इनस्क्रिप्ट, जो माझ्या बोटांत आहेच. एन वर ल, शिफ्टबरोबर ळ. जे वर र, शिफ्टबरोबर ऱ. हा शेवटचा ऱ आम्हाला फार लागतो. वाऱ्यावर, साऱ्या, दऱ्या, आईच्या ओव्यांत पानोपानी आहे. साधा र घेतला तर रफार होऊन भलताच शब्द तयार होतो.

फाँट म्हणून नोटोचं मोठं पॅकेज न घेता लोहित देवनागरी घेतला, कारण तो लहान आहे. फाइल माझ्या फाँटांच्या फोल्डरमध्ये टाकली, फाँटांची यादी नव्याने करणारं एफसी-कॅश चालवलं. एक्सटर्ममध्ये मराठी आली, पण वेलांट्या अक्षराच्या मागे. तो टर्मिनलही खणाखणांत अक्षरं टाकतो. मग माउसपॅड हा साधा एडिटर घेतला. त्याच्यामागे मजकूर मांडणारे पँगो आणि हार्फबझ असतात, आणि मांडणी करणारा तो ‘कुणीतरी’ म्हणजे हा हार्फबझच. हे नाव फारसीतून आलं आहे, हर्फ-बाझ, ‘उघडं अक्षर’, म्हणजे ओपनटाइप या फाँटच्या प्रकाराच्या नावाचाच अनुवाद. जुन्या मराठीतला ‘हरफ’ तो हाच. मला ते वाचून घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

वेलांटी जागेवर आली. जोडाक्षरं जुळली. ‘वाऱ्यावर’ अगदी बरोबर उमटलं. मी आईला हाक मारली.

आई पदराला हात पुसत आली, चष्मा लावला, पडद्याजवळ वाकली. पहिली ओळ वाचली. मग म्हणाली, "हा ल कुठला गं? आपला नाही हा. हिंदीच्या पुस्तकातला आहे."

मी पाहिलं. ल ला उजवीकडे उभा दंड होता. आपण शाळेत गिरवतो तो पाकळीचा ल, मधल्या देठाला दोन्ही बाजूंनी वळण असलेला, तो हा नव्हता. श सुद्धा दुसऱ्या वळणाचा. राज्य सरकारच्या २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितलेले आहेत, आणि आईची तिन्ही वह्यांतली अक्षरं तशीच आहेत. "चालतं, वाचता तर येतं," ती म्हणाली आणि आत गेली. पण मला ते चालण्यासारखं वाटलं नाही. तिच्या आईच्या ओव्या तिला परक्या ल मध्ये वाचायला लावायच्या, हे बरोबर नव्हतं.

दोन संध्याकाळी त्यात गेल्या. आधी वाटलं फाँटच बदलावा. मग कळलं की लोहितमध्ये दोन्ही ल आहेत. एकाच संकेतांकाखाली दोन आकार ठेवलेले, आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं तरच फाँट दुसरा आकार पुढे करतो. माझ्या मशीनला ते कुणी सांगितलंच नव्हतं. मी मराठीची ओळ जागी केली होती, पण वापरात इंग्रजीच होती, आणि पँगो भाषा तिथूनच उचलतो. तिथेही सगळं मराठी करायची गरज नव्हती. अक्षरांच्या वर्गवारीसाठी वेगळं चल, म्हणजे मूल्य भरायची नावाची जागा, असतं, एलसी-सीटाइप. तेवढंच मराठी केलं तर आज्ञांची उत्तरं इंग्रजीत राहतात आणि अक्षरांना त्यांची भाषा कळते.

एक्सटर्ममधून ते चल लावून माउसपॅड उघडला. ल तसाच. पुन्हा लावला, पुन्हा तसाच. मी वाचलेलं चुकलं की काय, म्हणून सगळं पुन्हा वाचून काढलं. मग लक्षात आलं की माउसपॅडची आधीची खिडकी मागे उघडीच होती, आणि नवी खिडकी त्या जुन्याच प्रोग्रॅमच्या हातून उघडत होती, जुन्या भाषेनिशी. सगळ्या खिडक्या बंद केल्या. पुन्हा आज्ञा दिली.

ल ला पाकळ्या आल्या. श ला देठ आला.

ती ओळ एक्सइनिटच्या फाइलमध्ये कायमची लिहिली, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, खात्री केली, आणि मगच आईला बोलावलं. या वेळी मी काही सांगितलं नाही. तिने ओळ वाचली. पडद्यावरच्या ल वर बोट ठेवलं, थोडा वेळ तसंच ठेवलं.

"हां," ती म्हणाली. मग उठून कपाटातून वही घेऊन आली. पहिली नव्हे, मधली, ओल लागलेली. "हीच आधी घे. शाई गेली तिथलं मला आठवतंय अजून."

फुटलेल्या शाईवरून बोट फिरवत ती म्हणत गेली आणि मी टाइप करत गेले. मध्येच ती थांबायची, डोळे मिटायची, हात जात्याचा खुंटा धरल्यासारखा फिरवायची, आणि शब्द यायचा. रात्री साडेदहाला लाइट गेली. सत्तावीस ओव्या झाल्या होत्या, आणि प्रत्येक ओवी संपली की मी फाइल सेव्ह केलेली होती.